जहाज कोळसा भरेपर्यंत : बंदरावर उतरण्याची गोष्ट

मी दर्यापूरहून बोलतोय, आणि आजचा विषय आहे समुद्र. हसू नका. आमच्या गावाच्या नावात दर्या आहे, पण खरा दर्या इथून शेकडो किलोमीटर दूर. सोळाव्या शतकात वऱ्हाडावर इमादशाहीतला दर्या इमादशाह नावाचा सुलतान राज्य करत होता, त्यामुळे नावातला दर्या पाण्याचा की माणसाचा, हा वाद आमच्याकडे चहाच्या टपरीवर अधूनमधून निघतो. समुद्राशी आमचं एकच नातं अगदी पक्कं आहे, ते म्हणजे खारं पाणी. आम्ही खारपाणपट्ट्यातले. विहिरीतलं पाणी तोंडात धरवत नाही.

गेल्या जानेवारीत मी आई-बाबांना घेऊन मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर गेलो होतो. बाबांचं वय सत्तरच्या आसपास, जन्मभर कापूस पिकवला, समुद्र कधी पाहिला नव्हता. डेकवर उभं राहून त्यांनी पाच मिनिटं काहीच बोलणं केलं नाही. मग म्हणाले, "काहून रे, एवढं पाणी अन् तेही खारंच? मंग आपल्या हिरीनं काय पाप केलं होतं?"

त्या प्रवासावरून आल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, जहाज बंदराला लागलं की उतरायचं कसं, काय पाहायचं, पैसे किती, परत वेळेवर येता येतं का? याला इंग्रजीत शोअर एक्सकर्शन म्हणतात. आपण त्याला बंदरावरची फेरी म्हणू. मी उत्तरं शोधायला बसलो, आणि नेहमीसारखा इतिहासात घसरलो. पण यावेळी घसरण्याचा फायदा झाला, कारण ही फेरी मुळात का सुरू झाली हे कळलं की ती कशी करायची तेही अर्धं कळतं.

तर सुरुवात मुंबईपासूनच करू. २० मार्च १८३०. मुंबईच्या गोदीतच बांधलेलं 'ह्यू लिंडसे' नावाचं वाफेचं जहाज सुएझकडे निघालं. मुंबईहून तांबड्या समुद्रात वाफेवर गेलेलं हे पहिलं जहाज. वाटेत लागणारा सगळा कोळसा मावेल एवढी जागाच त्यात नव्हती. म्हणून जिथे मोकळी जागा दिसली तिथे, अगदी केबिनमध्येसुद्धा, कोळसा भरला होता. पुढचा कोळसा आधीच पाठवून एडनसारख्या ठिकाणी ढीग मारून ठेवलेला. जहाज बत्तीस-तेहेतीस दिवसांत सुएझला पोचलं. पण त्यातले प्रत्यक्ष चालण्याचे दिवस किती? एकवीस. बाकीचे अकरा-एक दिवस ते वाटेतल्या बंदरांत उभं होतं, मुख्यतः कोळसा भरत.

आता कल्पना करा. जहाज उभं आहे. मजूर टोपल्या-टोपल्यांनी कोळसा टाकतायत. काळी धूळ सगळीकडे. पुढे मोठी प्रवासी जहाजं आली तेव्हाही हेच चालायचं: पोर्ट सैदला कोळसा भरताना केबिनच्या खिडक्या गच्च बंद करायचे, आत घुसमट, आणि बाहेर डेकवर उभं राहावं तर कपडे काळे. मग प्रवासी काय करणार? उतरणार. बंदरावरची फेरी म्हणजे कुणी खास आखलेली सहल नव्हतीच. जहाजाला त्याचं काम करायचं होतं आणि माणसं मध्ये नको होती.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या तासांवर मालकी जहाजाची होती, प्रवाशाची नाही. आजही तसंच आहे, फक्त कोळशाच्या जागी डिझेल, भाजीपाला, बंदराचं भाडं आणि भरती-ओहोटी आली.

ही उरलेली वेळ म्हणजेच धंदा, हे बंदरांच्या लोकांना लगेच समजलं. एडन घ्या. इंग्रजांनी ते जानेवारी १८३९ मध्ये घेतलं, तेही मुख्यतः कोळशाच्या ठाण्यासाठी, आणि गंमत म्हणजे १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा. म्हणजे तिकडे वाळवंटात बसलेल्या अधिकाऱ्याचा वरिष्ठ मुंबईत! जहाज थांबलं की पोरं होड्यांतून यायची, प्रवाशांनी पाण्यात नाणं टाकलं की बुडी मारून वर आणायची. किनाऱ्यावर घोडागाड्या तयार. त्या प्रवाशांना डोंगरात खोदलेल्या जुन्या पाण्याच्या टाक्या दाखवायला न्यायच्या. पाण्याच्या टाक्या! आमच्या भागातल्या माणसाला हे एकदम पटेल. जिथे पाणी नाही तिथे पाण्याची साठवण हेच प्रेक्षणीय स्थळ.

१७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि पोर्ट सैदचं नशीब पालटलं. जहाज थांबलं की विक्रेत्यांच्या होड्या चिकटायच्या, जादूगार डेकवर चढायचे आणि बाहीतून कोंबडीची पिल्लं काढून दाखवायचे, आणि सायमन आर्ट्झच्या दुकानात साहेब लोक हिंदुस्थानच्या उन्हासाठी टोपी विकत घ्यायचे. आजची कुठलीही क्रूझ जिथे लागते तिथे गेटबाहेर जे दृश्य दिसतं ना, टॅक्सीवाले, टोप्या, शंखशिंपले, "सर, सर, फक्त पाचशे", त्याचं मूळ इथे आहे. म्हणून पहिला धडा: गेटच्या अगदी बाहेरचा भाव कधी शेवटचा भाव नसतो. दोनशे पावलं पुढे चाला, मग विचारा.

आता तुम्ही म्हणाल, आपली माणसं तेव्हा उतरायची का? उतरायची, पण त्यांच्यासाठी प्रश्न फेरीचा नव्हता, समुद्रावर पाय ठेवण्याचाच होता. ४ सप्टेंबर १८८८ ला गांधीजी मुंबईहून विलायतेला निघाले तर जातीने त्यांना वाळीत टाकलं. त्याच्या पाच वर्षं आधी, ७ एप्रिल १८८३ ला, कल्याणची अठरा वर्षांची आनंदी जोशी कलकत्त्याहून जहाजात बसली. नवरा बरोबर नाही, ओळखीचं कुणी नाही, सोबतीला मिशनरी बायका. ४ जूनला ती न्यू यॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने. आपण चार रात्रींच्या क्रूझसाठी तीन सुटकेस भरतो आणि चार्जर विसरलो म्हणून रडतो, तेव्हा मला ही मुलगी आठवते.

आणि आमच्या जिल्ह्यातलं नाव घ्यायचं तर पापळचे पंजाबराव देशमुख. शेतकऱ्याचा मुलगा, १९२० मध्ये विलायतेला शिकायला गेला, पुढे देशाचा कृषिमंत्री झाला.

पण खरं सांगू का, माणसांच्या आधी आमचा कापूस समुद्रावर गेला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. रेल्वे आली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरपर्यंत आमची शकुंतला आली, छोट्या रुळांची. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये कुठे बनलं होतं माहितीये? मँचेस्टरला. कापूस जाणार त्या दिशेला, इंजिन येणार त्याच दिशेने. हा धागा हातात धरून ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता निव्वळ मजेसाठी जहाजाने फिरण्याकडे वळू. १८४४ मध्ये एका मोठ्या इंग्लिश जहाज कंपनीने लेखक थॅकरे यांना फुकट तिकीट दिलं आणि ते दोनेक महिन्यांत लिस्बन, अथेन्स, इस्तंबूल, जेरुसलेम, कैरो असं सगळं करून आले. आज इन्फ्लुएन्सरला फुकट रूम देतात ना, तोच प्रकार, फक्त रील्सऐवजी पुस्तक. २२ जानेवारी १८९१ ला 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' हे जर्मन जहाज २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात निघालं. हिवाळ्यात अटलांटिकवर गिऱ्हाईक नाही, जहाज रिकामं ठेवून काय करायचं, म्हणून. या सफरीला बरेच जण आजच्या क्रूझची सुरुवात मानतात. इथे बंदरावर उतरणं हा तिकिटाचा मुख्य भाग होता. कोळशाच्या वेळेतली फेरी आता विकायची वस्तू झाली होती.

माझा सगळ्यात आवडता किस्सा मात्र १८६७ चा. मार्क ट्वेन 'क्वेकर सिटी' जहाजावर होते. जहाज ग्रीसच्या पिरेअस बंदरात आलं तर अधिकाऱ्यांनी क्वारंटाइन लावलं, उतरायला बंदी. समोर अथेन्स, आणि जायचं नाही. कोविडमध्ये आपण खिडकीतून रस्ता बघायचो तसं. मग ट्वेन आणि आणखी तिघे रात्री होडीतून गुपचूप किनाऱ्यावर गेले, चालत चालत अॅक्रोपोलिसपर्यंत पोचले, चंद्रप्रकाशात ते पाहिलं, वाटेत लोकांच्या मळ्यातली द्राक्षं चोरली आणि पहाटे परतले. हे तुम्ही करू नका, आज तुरुंगात जाल. पण एक बघा: त्या रात्री त्यांनी एकच गोष्ट पाहिली, आणि आयुष्यभर सांगितली.

किनाऱ्यावर पाय ठेवला की कायदा बदलतो हेही लक्षात असू द्या. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेयच्या बंदरात 'मोरिया' जहाजावरून उडी मारली, पोहत फ्रान्सच्या भूमीवर पोचले, फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून परत दिलं, आणि त्या काही मिनिटांवरून दोन देशांत खटला हेगच्या लवादापर्यंत गेला. निकाल २४ फेब्रुवारी १९११ ला लागला, इंग्रजांच्या बाजूने. आपलं प्रकरण इतकं मोठं नसतं, पण कोलंबो किंवा मालदीवला उतरताना पासपोर्टबद्दल जहाजावर काय सांगितलंय ते नीट ऐका. लक्षद्वीप आपलंच, तरी तिथे परमिट लागतं, आणि एक-दोन ठिकाणं सोडली तर दारूबंदी. तिथलं प्रवाळ, म्हणजे कोरल, खिशात घालून आणणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. मेलेला तुकडासुद्धा उचलू नका.

आता कोकणाकडे या, कारण होडीत उतरण्याचं सगळं शहाणपण तिथे आहे. मुंबई ते गोवा किनाऱ्याने आगबोटी चालायच्या. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बऱ्याच ठिकाणी धक्का नाही किंवा पाणी उथळ, मग बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. त्यात उतरायचं. म्हातारी, पोरं, ट्रंका, कोंबड्या, सगळं. पावसाळ्यात सेवा बंद. लक्षद्वीपला आजही हेच तंत्र: बेटाभोवती उथळ खाजण, जहाज बाहेर, माणसं छोट्या बोटीतून.

याचा नियम साधा आहे आणि तो शंभर वर्षांत बदललेला नाही. छोटी बोट लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर आली की पाय टाकायचा, खाली जात असताना नाही. दोन्ही हात मोकळे. फोन खिशात, चेनच्या. खलाशाचा पंजा धरायचा नाही, मनगट धरायचं, तो आपलं मनगट धरतो, म्हणजे घाम आला तरी हात सुटत नाही. आणि बोटीत बसल्यावर डॉल्फिन दिसला म्हणून सगळ्यांनी एका बाजूला धावायचं नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. दुसऱ्या दिवशी अमावास्या, माणसं सणाला घरी चाललेली. काश्याच्या खडकाजवळ मोठी लाट आली, बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला लोटली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. लाइफजॅकेटचे पट्टे बांधायला सांगतात तेव्हा सेल्फीसाठी ते सोडणाऱ्यांना मी हे सांगतो. मग ते बांधतात.

आमचं काय झालं ते आता सांगतो. लक्षद्वीपच्या बेटापुढे जहाज थांबलं. सकाळचे आठ. बाबा शिडीच्या शेवटच्या पायरीवर आले आणि थांबले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. खाली बोट वर-खाली होतेय. मागे रांग, कुणीतरी ओरडलं, "अंकल, जल्दी!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मी नाही येत. तू अन् तुही माय जा."

मी गेलो. हो, गेलो. पैसे भरले होते ना. जहाजावर घेतलेलं पॅकेज होतं: काचेच्या तळाची बोट, स्नॉर्केलिंग, म्युझियम, जेवण, सगळं पाच तासांत. मी आईला एका नारळाच्या झाडाखाली बसवलं आणि धावलो. एकशे बारा फोटो काढले. आई तिथेच बसली. शेजारच्या घरातली बाई खोबरं वाळत घालत होती, दोघींची भाषा वेगळी, तरी तीन तास बोलत होत्या. संध्याकाळी बाबा विचारतात, "काय पाह्यलं रे?" मी फोन पुढे केला. त्यांनी चारपाच फोटो सरकवले आणि फोन परत दिला. मग आई बोलायला लागली: खोबरं किती दिवस वाळवतात, पावसाळ्यात जहाज आलं नाही की घरात काय काय साठवून ठेवतात, त्या बाईचा मुलगा कोचीला शिकतो. बाबा तासभर ऐकत होते.

ज्या आखणीवर मी चिडलो ती माझीच होती, जहाजाची नाही. म्हणून सांगतो: एका बंदरात एकच गोष्ट ठरवा. गोव्याला क्रूझ मुरगावला लागते, वास्कोजवळ. तिथून बागा-कळंगुट गाठायचा हट्ट केला तर सगळा वेळ टॅक्सीत. बोगमाळोचा किनारा जवळ आहे, तिथे बसा, मासे खा. कोचीला जहाज विलिंग्डन बेटाजवळ लागतं, आणि फोर्ट कोचीला नेणाऱ्या सरकारी बोटीचं तिकीट अगदी किरकोळ आहे. असं धक्क्याला लागणारं बंदर असेल तर स्वतः फिरा. छोट्या बोटीने उतरायचं असेल तर जहाजाचीच सहल घ्या, महाग पडली तरी. कारण सहसा जहाज स्वतःच्या सहलीची वाट बघतं. तुमच्या टॅक्सीची नाही.

वेळेचं तर विचारूच नका. निघण्याची वेळ पाच असेल तर परत चढण्याची शेवटची वेळ साडेचार किंवा चार असते, आणि ती जहाजाच्या घड्याळाने. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. फोन तिकडचं नेटवर्क पकडून वेळ आपोआप बदलतो आणि तुम्ही निवांत कॉफी पीत बसता. एक साधं हातघड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. समुद्रात असताना फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल पाहून कापसाचा भाव आठवेल. बंदराच्या एजंटचा नंबर रोजच्या कागदावर छापलेला असतो, त्याचा फोटो काढा. नकाशा आधीच डाउनलोड करा. आणि घरात कुणाचा गुडघा दुखत असेल तर बुकिंग करतानाच विचारा, कुठल्या बंदरात धक्का आहे आणि कुठे छोटी बोट. मी विचारलं नव्हतं.

परत मुंबईला आलो, बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलला. धक्क्याला लागलेलं जहाज, सरळ उतार, बाबा काठी टेकत आरामात खाली आले. मूर्तिजापूरला जाणारी गाडी रात्रीची होती. अख्खा दिवस हातात. मी म्हटलं, गेटवे? मरीन ड्राइव्ह? बाबा म्हणाले, "आपला कापूस कुठीसा उतरे?"

मला एकदम सुचलंच नाही. मग आठवलं, हार्बर लाइनवर स्टेशनच आहे त्या नावाचं, कॉटन ग्रीन. टॅक्सी केली. आधी हा बाजार फोर्टात भरायचा, तिथून कुलाब्याला गेला, आणि गेल्या शतकात इथे शिवडीजवळ आला. कॉटन एक्स्चेंजची हिरवट, जुनी इमारत अजून उभी आहे. मागे बंदराची गोदामं, लांबच लांब, बरीचशी बंद. पाहण्यासारखं तसं काही नाही. फोटो एकही आला नाही धड, ट्रक मध्ये उभे होते.

बाबा एका गोदामाच्या भिंतीपाशी गेले, सावलीत टेकले. चहा आणला तो उभ्यानेच घेतला. जिनिंगमधून गाठी बांधून शकुंतलेत कशा चढवायच्या, एका गाठीला किती माणसं लागायची, त्यांच्या वडिलांचा एक बोट त्यात कसा चेमटला होता, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. आईलाही माहीत नव्हतं. दोन तास झाले. टॅक्सीवाला दोनदा येऊन बघून गेला.

शेवटी बाबांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "माह्या बाप्पाले दाखवाले पाह्यजे होतं हे." मग गाडीत बसले, आणि दादर येईपर्यंत झोपले.